बारा आठवड्यांचा संवादकौशल्य वर्ग: एका पालकाचा अभिप्राय

माझा चौदा वर्षांचा मुलगा घरात अखंड बोलतो; शाळेत मात्र मधली सुट्टी तो जिन्यापाशी एकट्याने काढतो आणि वर्गाच्या ग्रुपवरचे सगळे संदेश वाचूनही स्वतः एक अक्षर लिहीत नाही, हे कळल्यावर आम्ही त्याला किशोरवयीन मुलांसाठीच्या एका संवादकौशल्य वर्गात घातले. आठवड्यातून एकदा दीड तास, असे बारा आठवडे हा वर्ग चालला. तुकडीत दहा मुले होती आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत पालकांचे स्वतंत्र सत्र होत असे. वर्ग संपून आता तीन महिने झाले आहेत, त्यामुळे पहिल्या भरातला उत्साह आणि पहिल्या भरातली चीड, दोन्ही बाजूला ठेवून लिहिता येईल.

पहिले दोन आठवडे वाया गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. ताठ उभे राहा, नजरेला नजर द्या, खणखणीत आवाजात स्वतःची ओळख करून द्या, असा तो सगळा वक्तृत्व स्पर्धेचा थाट होता. त्यातच ‘संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना होतो’ असे ठळक अक्षरांत सांगणारी एक स्लाइड पडद्यावर आली. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून आला आहे. पण त्या प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून किंवा चेहऱ्यांच्या छायाचित्रांबरोबर देऊन बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली होती, आणि हे प्रमाण सर्व संवादाला लागू होत नाही हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. ज्या मुलाला मुळात काय बोलावे हेच सुचत नाही, त्याला शब्दांचे मोल सात टक्के आहे असे सांगण्यात काय हशील?

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र वर्गाचा नूर पालटला. इथून पुढचा आराखडा ‘पीअर्स’ या कार्यक्रमावर बेतलेला आहे, हे प्रशिक्षकांनी मोकळेपणाने सांगितले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत एलिझाबेथ लॉगेसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी तो प्रामुख्याने स्वमग्न किशोरांसाठी विकसित केला आणि २०१० मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध झाली. मुलांनी कसे वागावे असे मोठ्यांना वाटते ते शिकवण्याऐवजी, ज्या मुलांचे समवयस्कांशी सहज जमते ती मुले प्रत्यक्षात काय करतात ते पाहून तेच पायरीपायरीने शिकवायचे, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

याचा अर्थ मला ‘चाललेल्या गप्पांत शिरणे’ या सरावाच्या वेळी नीट कळला. आपण पालक मुलांना सांगतो, ‘जा, त्यांना नमस्कार कर, तुझे नाव सांग.’ प्रत्यक्षात एकही मूल असे करत नाही, आणि एखाद्याने केलेच तर सगळे गप्प होतात. इथे चार मुलांना एका मोबाइल गेमबद्दल बोलत उभे केले आणि माझ्या मुलाला काही अंतरावर, हातातल्या फोनकडे पाहत थांबवले. आधी विषय कोणता आहे ते ऐकायचे, आपल्याला त्यातले काही कळते का हे मनाशी ठरवायचे, अधूनमधून एखादी नजर टाकायची, बोलण्यात खंड पडला की हातभर अंतरावर जायचे आणि त्याच विषयावरचे एकच वाक्य बोलायचे. पहिल्या खेपेला तो खंड पडण्याची वाट पाहतच राहिला. दुसऱ्या खेपेला विषय सोडून भलतेच बोलला. चौथ्या खेपेला जमले. त्याहून मोलाचा भाग पुढे होता. कोणी वळून पाहिले नाही, खांदे आपल्याकडे फिरले नाहीत, तर तोंड पाडून न घेता हळूच दुसरीकडे कसे सरकायचे, याचाही तितकाच सराव करून घेतला. नकार हा ठरलेल्या पायऱ्यांतलाच एक भाग आहे हे कळल्यावर त्याची निम्मी भीती गेली असावी.

चिडवण्याला तोंड देण्याचा सरावही असाच होता. ‘दुर्लक्ष कर’ हा आपला पिढीजात सल्ला इथे बाद ठरवला गेला, कारण गप्प बसलेले मूल चिडवणाऱ्याला आयतेच सावज वाटते. त्याऐवजी ‘बरं मग?’, ‘झालं सांगून?’ अशी तुटक, बेफिकीर उत्तरे देऊन निघून जायचे. माझ्या मुलाचे पहिले ‘बरं मग?’ इतके जिज्ञासू निघाले की सगळे हसले आणि तोही हसला. हा उपाय तोंडी चिडवण्यापुरताच आहे, मारहाणीला किंवा धमकीला तो चालणार नाही, हेही प्रशिक्षकांनी बजावले.

ऑनलाइन संवादाचे दोन आठवडे मात्र संमिश्र होते. एका सरावात ‘चालेल’ हा एकच शब्द कागदावर तीन प्रकारे लिहून दिला होता: नुसता, हसऱ्या चेहऱ्यासह आणि पूर्णविराम देऊन. तिसरा वाचून दहापैकी आठ मुले म्हणाली, ‘हा चिडलाय.’ पालकांपैकी एकालाही तसे वाटले नव्हते. (घरी मी प्रत्येक संदेशाला निष्ठेने पूर्णविराम देतो, मुलगा माझ्याशी तुटक का वागत होता, याचा थोडा उलगडा तिथे झाला.) कोणी ऑनलाइन त्रास दिल्यास उत्तर द्यायचे नाही, आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, मग ब्लॉक आणि तक्रार करायची आणि मोठ्यांना सांगायचे, हा क्रमही पक्का करून घेतला. क्रमाला महत्त्व आहे, कारण समोरच्याने मजकूर पुसला की हाती पुरावा उरत नाही.

पण कोणा एकाला वगळून नवा ग्रुप काढणे, संदेश वाचून मुद्दाम उत्तर न देणे, खासगी बोलण्याचे स्क्रीनशॉट फिरवणे, हे जे मुलांना रोज डाचते, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. ईमेल कसा लिहावा यावर मात्र पाऊण तास खर्ची पडला. एक गोष्ट तर गंभीर होती. मुलांना स्वतःच्या ग्रुपवरील खरी संभाषणे वर्गात आणायला सांगितली गेली आणि ती इतर मुलांच्या नावांसकट पडद्यावर दाखवली गेली. मी हरकत घेतल्यावर पुढच्या आठवड्यापासून नावे झाकण्यात आली, परंतु संमतीचा धडा देणाऱ्यांना हे आपणहून सुचायला हवे होते.

पालकांचे सत्र मला वैयक्तिकरीत्या सर्वांत उपयोगी वाटले. एका आठवड्याचा गृहपाठ होता, मुलाशी दहा मिनिटे गप्पा मारण्याचा, त्याने विचारावे, ऐकावे आणि मग त्याला जोडून स्वतःचेही काही सांगावे असा. आमच्या गप्पा मी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या, तेव्हा त्यात मी सतरा प्रश्न विचारले होते आणि स्वतःबद्दल एकही वाक्य सांगितले नव्हते.

आज तो अजूनही मितभाषी आहे आणि कोणत्याही स्पर्धेत बोलत नाही. मात्र मधल्या सुट्टीत त्याला दोन मित्र आहेत आणि एकाला त्याने स्वतः फोन करून घरी बोलावले. ज्यांची मुले बोलायला अडखळतात पण ज्यांना मैत्री हवी आहे, आणि ज्या पालकांना दर आठवड्याला घरी सराव घेणे शक्य आहे, त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. सभाधीटपणा हवा असणाऱ्यांनी इतरत्र पाहावे. मुलाला तीव्र चिंता किंवा नैराश्य असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण वर्गात त्यासाठी कोणतीही सोय नाही.

९३ टक्क्यांची ती स्लाइड काढून टाकण्याची सूचना मी लेखी दिली होती. पुढच्या तुकडीच्या पालकांना अनुभव सांगण्यासाठी आम्हांला बोलावले, तेव्हा ती जागच्या जागी होती. फक्त तिच्या पार्श्वभूमीचा रंग बदलला होता.