इंजिन सीझ (जाम) झालं, एक्स्टेंडेड वॉरंटीचा क्लेम आणि त्यानंतरचे सात महिने

गाडी डिझेल, ३ वर्षं ४ महिने जुनी, रनिंग ५२ हजार. कंपनीची वॉरंटी संपायच्या आधीच एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव मुदतीची वॉरंटी घेतली होती, म्हणून निर्धास्त होतो. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत होतो आणि ऑइलचा लाल दिवा लागला. जागा मिळाली तिथे लगेच बाजूला घेतली, बंद केली, पण तोवर खालून खटखट सुरू झालेली आणि परत स्टार्टर मारला तर इंजिन फिरेचना. आई सोबत होती, उन्हात दोन तास टोइंगची वाट बघत बसलो.

वर्कशॉपमध्ये तिसऱ्या दिवशी सांगितलं की बेअरिंग गेलंय, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) खराब झालाय, १ लाख ८५ हजार एस्टिमेट आणि क्लेम बसणार नाही. कारण काय तर तिसरी सर्व्हिस १० हजारच्या हिशोबाने ३० हजारला हवी होती ती ३१,४०० ला झाली, शिवाय "साहेब, तुम्ही दिवा लागल्यावर पण गाडी चालवली असणार". हे ऐकून खरंच डोकं फिरलं. चालवली असती तर मान्य केलं असतं ना! इन्शुरन्सवाल्यांना पण विचारलं, तर अपघात नसताना झालेला मेकॅनिकल बिघाड पॉलिसीत येत नाही म्हणे.

आता जे उपयोगी पडलं ते नीट सांगतो. हे निदान व्हायच्या आधीच इंजिन खोलायच्या संमतीवर त्यांनी सही मागितली होती, त्यात क्लेम नाकारला तर खोलायचा खर्च माझा असं होतं. मी सही केली पण आधी जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) "दिवा लागताच गाडी थांबवली" हे माझ्या शब्दात लिहून घेतलं आणि स्कॅनरचा रिपोर्ट प्रिंट करून मागितला. आमच्या गाडीत फॉल्ट कोडसोबत (गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेल्या बिघाडाच्या नोंदीसोबत) किलोमीटरची नोंद असते, ती आणि मीटरवरचा आकडा एकच निघाला, म्हणजे पुढे चालवलीच नाही हे त्यांच्याच कागदावर आलं. ऑइल पॅन उघडला तेव्हा मी स्वतः उभा होतो, ऑइल पुरेसं होतं, स्ट्रेनर (ज्यातून ऑइल वर ओढलं जातं ती जाळी) मात्र काळ्या गाळाने चोंदलेला, फोटो काढले. आणि सर्व्हिस उशिरा का झाली तर मी २९,६०० लाच फोन केलेला, तारीख त्यांनीच तीन आठवड्यांनी दिली, तो मेसेज मोबाईलमध्ये होता. नसता तर मी अडकलो असतो.

तरी सुरुवातीला "गुडविल म्हणून (नियमात नसताना सवलत म्हणून) ५० टक्के" असंच चाललं होतं. नकार लेखी द्या म्हटलं की टाळाटाळ. शेवटी सगळे कागद जोडून कंपनीला ईमेल केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी आहे हेही कळवलं. नवव्या दिवशी पूर्ण क्लेम मंजूर, इंजिन नवीन बसवलं. ऑइल, कूलंट, फिल्टरचे ९,६४० मी भरले, ते वॉरंटीत धरत नाहीत. गाडी हातात आली ४१ व्या दिवशी, तोवर ऑफिसला जायचे कॅबचे पैसे खिशातून, ते कोणी दिले नाहीत.

त्याला आता सात महिने झाले, ८,३०० किमी चाललीये. पिकअप चांगला आहे, आवाज नाही, ॲव्हरेज पूर्वीइतकंच. दर रविवारी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघतो, ऑइल ७ हजारलाच बदललं, बिल आणि मीटरचा फोटो ठेवलाय. नवीन इंजिनाला वेगळी वॉरंटी नाही, जुन्या एक्स्टेंडेडची मुदत उरलीये तेवढीच, हे मात्र मी आधी विचारून लेखी घ्यायला हवं होतं.