२८ दिवसांची टेस्ट, लागले दोन महिने, तरी चार स्टार

आधीच सांगते या टेस्टिंग लॅबचा रिव्ह्यू लांब आहे. ज्यांना फक्त पार्किंग आहे का एवढंच बघायचंय त्यांनी इथेच थांबा, नाहीये, गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते.

आमचं भोसरीला छोटं युनिट आहे, भांड्यांचं आणि फरशीचं लिक्विड बनवतो आणि गेल्या वर्षीपासून खोबरेल तेलातलं फॅटी अल्कोहोल आणि ग्लुकोज घेऊन एक सरफॅक्टंट (मळ सोडवणारा मुख्य घटक, आमचा ग्लुकोसाइड प्रकारचा) घरचाच बनवायला लागलोय. जर्मनीतल्या एका पार्टीने सॅम्पल मागवलं, त्यांना आवडलं, आणि मग मेल आला की ओईसीडी ३०१ या आंतरराष्ट्रीय टेस्टप्रमाणे रेडी बायोडिग्रेडेबिलिटीचा, म्हणजे माल जंतूंकडून सहज कुजतो का याचा रिपोर्ट पाठवा, जीएलपी (ठरलेल्या पद्धतीने काम आणि नोंदी करणाऱ्या मान्यताप्राप्त) लॅबचाच पाहिजे. मी म्हटलं त्यात काय, आहे की आपल्याकडे. कारण दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या लॅबने (नाव घेत नाही) पाच दिवसांचा बीओडी (जंतूंनी वापरलेला ऑक्सिजन) काढून त्याला सीओडीने (केमिकलने जाळायला लागणारा ऑक्सिजन) भागून खाली 'बायोडिग्रेडेबल' असा जांभळा शिक्का मारून दिला होता आणि तो कागद आम्ही फ्रेम करून ऑफिसात लावलाय, गणपतीच्या बाजूला. जर्मन लोकांनी एका ओळीत परत पाठवला.

मग या लॅबला गेले. दोन कॅन घेऊन गेले होते, एक सरफॅक्टंटचा आणि एक तयार फ्लोअर क्लीनरचा, म्हटलं एकाच खेपेत दोन्ही उरकू. इकोटॉक्सवाली (पर्यावरणावरचा परिणाम तपासणाऱ्या विभागातली) जी मॅडम होती, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल, तिने फ्लोअर क्लीनरचं लेबल वाचलं आणि कॅन परत माझ्याकडे सरकवला. "ताई, हे नको. यात सेंट, रंग, साबण, सगळं एकत्र आहे. टक्का येईल हो, पण कशाचा ते कोण सांगणार? आणि बेन्झालकोनियम तुम्ही जंतू मारायलाच घातलंय ना, मग आमचे जंतू पण मरतील की." येणारं बिल कोणी असं परत करतं का सांगा! माझे चार स्टारमधले दोन तर तिथेच पक्के झाले.

टेस्ट काय असते ते मला माहीतच नव्हतं, तिने आत नेऊन दाखवलं. ३०१ मध्ये ए पासून एफ पर्यंत सहा प्रकार आहेत, आमचं एफने केलं. तपकिरी काचेच्या बाटल्या, आत चुंबकाचा स्टरर, तोंडाशी रबराचा छोटा कप आणि त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या गोळ्या, वर प्रेशर मोजणारं झाकण. बाटलीत क्षारांचं पाणी, त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम आमचा माल आणि घरगुती सांडपाण्याच्या प्लांटमधून आणलेला थोडासा स्लज, म्हणजे जंतूंनी भरलेला गाळ, विरजण समजा. जंतूंना खायला दुसरं काही नाही. आमचा माल पचला तर ते ऑक्सिजन ओढणार, सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या गोळ्या शोषणार, बाटलीतलं प्रेशर पडणार आणि झाकण ते लिहून ठेवणार. २२ डिग्री, अंधार, २८ दिवस. केमिकल कंपनीच्या ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) स्लज का नाही घेत विचारलं तर म्हणाली त्या जंतूंना केमिकल खायची सवय लागलेली असू शकते, सवय झालेलं विरजण इथे चालत नाही, नदीत गेल्यावर काय होईल ते बघायचंय ना.

आता गडबड कुठे झाली ते. सोबत एक बाटली सोडियम बेन्झोएटची लावतात, ते हमखास पचणारं, १४ दिवसांत ६० टक्के गेलंच पाहिजे, नाहीतर स्लजच मेलेला म्हणून अख्खी बॅच रद्द. आमच्या बॅचला ते ४८ वर अडकलं. फोन त्यांनीच केला, स्वतःहून, की स्लज आणल्यावर जास्त वेळ पडून राहिला, चूक आमची, परत लावतो, पैसे नाहीत. मी फोनवर खूप बोलले तिला, कारण जर्मनीचा रोज मेल आणि ह्यांचं घरात सुरू की आधीचा कागद काय वाईट होता. पण नंतर डोकं शांत झाल्यावर वाटलं की बाई, तिने ४८ चे ६१ केले असते तर तुला कळलं असतं का?

दुसऱ्या खेपेला व्यवस्थित. आकडेमोड तिने माझ्यासमोर कागदावर केली ती सांगते, कारण रिपोर्ट हातात आला की नुसतं टक्का बघू नका. आमचा १ मिलिग्रॅम माल पूर्ण जळायला हिशोबाने २.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे लिटरला २१०. २८ व्या दिवशी बाटलीने घेतला १७४. त्यातला २४ नुसत्या स्लजचा स्वतःचा, तो माल न घातलेल्या, नुसत्या स्लजच्या बाटलीवरून कळतो, तो वजा केला की १५०. २१० पैकी १५०, ७१ टक्के. आणि अजून एक अट, १० टक्के ओलांडल्यापासून दहा दिवसांच्या आत ६० गाठायचे. आमचे १० टक्के तिसऱ्या दिवशी झाले आणि तेराव्या दिवशी ६४, म्हणजे त्यातही पास. युरोपच्या डिटर्जंटच्या नियमात सरफॅक्टंटला ही दहा दिवसांची अट नाहीये, ६० टक्के २८ दिवसांत झाले की झालं, पण असलेलं बरं.

उरलेला २९ टक्के कुठे गेला हे मी लगेच विचारलं. म्हणाली बराचसा जंतूंच्या अंगाला लागला, जेवलेलं सगळं कोणी श्वासात सोडत नाही ताई. म्हणून पास व्हायला १०० नाही, ६० धरतात.

नापास झालं असतं तर माल कधीच कुजणार नाही असं पण नसतं बरं का, ही टेस्ट मुद्दाम कडक ठेवलीय, मग ३०२ वाली पुढची करतात. आणि उलटं पण खरं, पास झालो म्हणून गटारात ओतायला मोकळे असं नाही, या बाटलीत ऑक्सिजन भरपूर असतो, तुंबलेल्या नाल्यात तो कुठून आणणार. १९५०-६० च्या काळात युरोप-अमेरिकेत फांद्यावाल्या साखळीच्या (रेणूला फांद्या असल्याने जंतूंना सहज न पचणाऱ्या) डिटर्जंटने नद्यांवर फेस चढायचा, जर्मनीने १९६१ मध्येच त्यावर कायदा केला, मग कंपन्या सरळ साखळीवर आल्या. आमच्या इंद्रायणीवर आळंदीला फेस आला की गिऱ्हाईक मलाच फोटो पाठवतं, ताई हा तुमचा का म्हणून.

तक्रारी. रिपोर्ट टायपिंगला दोन आठवडे, का ते देव जाणे. रिसेप्शनला फोन उचलत नाहीत, दुपारच्या आधी करा आणि थेट इकोटॉक्स मागा. जाताना मालाचा फॉर्म्युला आणि शुद्धता लिहून न्या, आम्हाला त्यासाठी एक चक्कर जास्त पडली. खर्च त्या जांभळ्या शिक्क्याच्या कितीतरी पट आहे.

एक स्टार कापलाय तो बिलिंगसाठी. ग्लुकोसाइडचं त्यांनी बिलात ग्लुकोज करून टाकलं, तीन मेल करूनही बदललं नाही, आणि आमच्या सीएचा फोन, ताई सलाइनचा धंदा कधी सुरू केलात?