ॲस्ट्रॉनॉमीत पर्मनंट व्हायचंय : युनिव्हर्सिटी की ऑब्झर्व्हेटरी?

पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) संपत आलाय आणि प्रोफेसरकीला अर्ज टाकू की ऑब्झर्व्हेटरीत स्टाफ ॲस्ट्रॉनॉमर होऊ असा घोळ चालू असेल तर पगार जरा बाजूला ठेवा, आधी तुमचा दिवस कोणाच्या कामात जाणार ते बघा.

युनिव्हर्सिटीत टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, मिळेपर्यंतची वर्षं डोक्यावर टांगती तलवार. लेक्चर, पेपर तपासणं, कमिट्या, ग्रँट... लोकांना वाटतं प्रोफेसर रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो, पण बऱ्याच जणांना स्वतः डेटा रिड्यूस करायलाही (कच्चा डेटा साफ करून वापरण्याजोगा करायलाही) वेळ होत नाही, ते विद्यार्थी करतात आणि हा त्यांच्या ड्राफ्टवर शेरे मारतो. टेलिस्कोपचा वेळही भांडूनच मिळतो, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या तिसऱ्या सायकलला (वेळवाटपाच्या फेरीला) १,९३१ प्रपोजल आली, मागणी उपलब्ध वेळेच्या साधारण नऊपट, म्हणजे चांगली प्रपोजलसुद्धा पडतातच. पण विषय तुमचा, आणि टेन्युअर झालं की वर्षानुवर्षं हाती न लागणारा प्रश्नही धरून बसता येतं.

ऑब्झर्व्हेटरीत बराच वेळ सर्व्हिसचा. रात्री दोनला सीइंग (हवेच्या हलण्यामुळे प्रतिमा किती स्पष्ट दिसते ते) बिघडलं की रांगेतला कुठला प्रोग्राम पुढे घ्यायचा, फ्लॅट फील्डमध्ये (एकसारख्या उजेडात घेतलेल्या कॅलिब्रेशनच्या फोटोत) दिसलेला डाग धुळीचा की डिटेक्टरचा, हे सगळं तुम्ही बघायचं आणि पेपर छापणार दुसराच. चिडचिड होते. मात्र इन्स्ट्रुमेंट आतून-बाहेरून कळतं आणि त्याने काय काय जमू शकतं हे बाकीच्यांच्या आधी तुम्हाला सुचतं.

खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांचंच बघा ना, त्या जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीत शिकवत होत्या, १९६५ ला कार्नेगीत गेल्या, ती ऑब्झर्व्हेटरी नव्हे तर संशोधन संस्था, पण तिथे केंट फोर्ड यांचा इमेज ट्यूब स्पेक्ट्रोग्राफ (मंद प्रकाश वाढवून त्याचा वर्णपट घेणारं यंत्र) होता आणि त्यावरच दोघांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचा १९७० चा पेपर केला, पुढे डार्क मॅटरच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याच्या) चर्चेत तो सतत येत राहिला. शेजारच्या खोलीत कोण काय बनवतंय यालाही किंमत असते!

जोडीदारही याच क्षेत्रात असेल तर डोंगरावरची नोकरी अवघड, मोठ्या शहरातल्या युनिव्हर्सिटीत निदान दुसरी नोकरी शोधता तरी येते.

माझं मत विचाराल तर शिकवायचा कंटाळा असेल तर प्रोफेसरकीच्या नादी लागूच नका, नुसत्या नावासाठी तर अजिबात नको. हार्डवेअरमध्ये रमत असाल तर ऑब्झर्व्हेटरी बघा, फक्त सही करण्याआधी रिसर्चला किती टक्के वेळ आणि पीएचडीचे विद्यार्थी घेता येतील का, हे दोन्ही लेखी घ्या.