पहिलं पुस्तक: आशा मुंबईवर ठेवावी की नागपूरवर?

विदर्भातल्या लेखकाचं पहिलं पुस्तक आलं की दोन दारं समोर दिसतात: राज्य शासनाचा स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार आणि नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाचे वार्षिक पुरस्कार. प्रती दोन्हीकडे पाठवाव्यातच. आशा कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न.

रकमेबाबत वाद नाही. शासनाकडे प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे. त्यात कवितेला बहिणाबाई चौधरी, कादंबरीला श्री. ना. पेंडसे, लघुकथेला ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा पुरस्कार आणि 50 हजार रुपये. रकमेसाठी संघाकडे कोणी जात नाही. शासनाच्या प्रवेशिकेसाठी मुंबईला प्रभादेवीच्या कार्यालयातही जावं लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात दोन प्रतींसह ती देता येते. पाकिटावर पुरस्काराचं नाव आणि वर्ष ठळक लिहा.

गोची होते ती तारखेत. शासन 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात निघालेली पहिली आवृत्ती धरतं आणि प्रवेशिका साधारणपणे पुढच्या जानेवारीतच घेतं. आपल्याकडे छोटे प्रकाशक वर्षअखेरीच्या घाईत शीर्षकपानामागे 'डिसेंबर' छापून मोकळे होतात. बांधणी होऊन प्रती हातात येईतो निम्मा जानेवारी सरतो. मुदत हुकली की पुढच्या वर्षी ते पुस्तक बादच, कारण छापील वर्ष मागचं. पुस्तक खरोखर जानेवारीत निघणार असेल तर तारीखही जानेवारीचीच टाकून घ्या.

तरी हे सांभाळता येतं. निकालाची वाट पाहणं मात्र आपल्या हातात नाही, आणि माझा काटा तिथेच झुकला. 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन या पुरस्कारांचा ठरलेला दिवस मानला जातो. पण 2021 च्या पुस्तकांचे पुरस्कार 6 डिसेंबर 2022 ला जाहीर झाले. तीनशे-पाचशे प्रतींच्या आवृत्तीला इतका उशीर परवडत नाही. दुकानदार तोवर उरलेल्या प्रती परत पाठवतो, प्रदर्शनांचा हंगाम जातो, आणि 'पुरस्कारप्राप्त' ही पट्टी लावायला पुस्तकच दुकानात उरत नाही.

संघाचा दिवस निदान माहीत असतो: 14 जानेवारी, स्थापना दिन, 1923 पासूनचा. हिवाळ्यातली प्रदर्शनं, शाळा-महाविद्यालयांचे कार्यक्रम अजून चालू असतात. शिवाय वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतला संवाद परीक्षकाला तळटीप न वाचता कळण्याची शक्यता नागपुरात जास्त. हे मोजून दाखवता येणार नाही, पण बोलीतल्या कथांच्या बाबतीत मला तरी तसंच वाटतं. जन्म विदर्भातला आणि नोकरी पुण्यात असेल तर पात्रतेचं संघाला आधी विचारून घ्या, मगच प्रती टपालात टाका.

प्रमाण मराठीतली कादंबरी असेल, प्रकाशक जाणता असेल आणि थांबायची तयारी असेल, तर शासनाचं दार मोठं आहे, नाकारण्याचं कारण नाही. वय 35 च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही बघावा, तोही 50 हजारांचाच, वय 1 जानेवारीला मोजतात. बोलीतला कथासंग्रह किंवा कविता असेल तर पहिला गठ्ठा नागपूरचा बांधा.