डेमोक्रॅट, रिपब्लिकन की कुठेच नाही? मधल्या मतदाराने काय निवडावं

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला नागरिकत्वाची शपथ झाली की हातात सर्टिफिकेट येतं, छोटा झेंडा येतो आणि बहुतेकदा मतदार नोंदणीचा फॉर्मही. नाव, पत्ता, जन्मतारीख, इथवर पेन झरझर चालतं. मग एक चौकट येते: एखाद्या पक्षाशी नातं जाहीर करायचं आहे का? ऐच्छिक आहे म्हणे. आमच्या एडिसनमधल्या एका ओळखीच्याचं पेन तिथेच अडलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, मला दोघांचं अर्धं अर्धं पटतं आणि उरलेल्या अर्ध्याची भीती वाटते. काय लिहू?"

त्याला म्हटलं, आधी तुला काय हवंय ते सांग. आरोग्य विमा नोकरीला बांधलेला नसावा. सीमेवर कडक तपासणी हवी. बंदूक मिळणं अवघड व्हावं. प्रॉपर्टी टॅक्स कमी व्हावा. आता ही यादी बघा. यातलं एकही मत कोमट नाही. विमा आणि बंदूक ही दोन मतं डेमोक्रॅट्सची आहेत, सीमा आणि टॅक्स ही दोन रिपब्लिकनांची, आणि चारही ठाम. आपण मध्यममार्गी म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर डावं आणि उजवं यांच्या बरोबर मध्ये उभा असलेला सौम्य गृहस्थ येतो. तसे लोक असतातही. पण बरेचसे मधले लोक हे असे मिसळीसारखे असतात, आणि दोन मिसळी एकसारख्या नसतात. म्हणूनच 'मधल्यांचा पक्ष' काढायचं म्हटलं की पहिल्याच बैठकीत भांडण होतं.

संख्येने हे लोक थोडे नाहीत. गॅलपच्या २०२४ च्या सर्वेक्षणांत ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला कोणत्याच पक्षाचं मानलं नाही. दोन्ही पक्षांचे म्हणवणारे प्रत्येकी २८ टक्के. खोदून विचारलं की या ४३ मधले बहुतेक कुठे ना कुठे झुकतात, हेही खरं. पण काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, ही गर्दी कुठे आहे? प्यू संशोधन केंद्राने २०२२ मध्ये मोजलं, तर १९७१-७२ मध्ये दोन्ही सभागृहांत मिळून १६० च्या वर मवाळ सदस्य होते, आता दोन डझनांच्या आसपास. जे उरले त्यांचीही पाठ दिसायला लागली आहे. सिनेट म्हणजे वरिष्ठ सभागृह. तिथल्या क्रिस्टन सिनेमा यांनी डिसेंबर २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडला, जो मॅनचिन यांनी मे २०२४ मध्ये. त्या वर्षी दोघेही सिनेटला उभे राहिले नाहीत, आणि रिपब्लिकनांकडचे मिट रॉम्नीही नाहीत.

मवाळ का आटले, याचं उत्तर मराठी माणसाला एका शब्दात कळतं: तिकीट. आपल्याकडे तिकीट हायकमांड वाटतं. याद्या दिल्लीहून किंवा मुंबईहून येतात, रात्री बाराला ए-बी फॉर्म पोहोचतो, आणि मतदार सकाळी पेपरात वाचतो. इथे तिकीट मतदार वाटतात, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत. पण वाटायला येतात किती? २०२२ च्या प्रायमऱ्यांत पात्र मतदारांपैकी साधारण पाचातला एक. त्यातही जे सगळ्यांत तापलेले तेच आधी पोहोचतात. उरलेले चार जण नोव्हेंबरात येतात आणि दोन नावं बघून म्हणतात, हे काय, माझ्यासारखं कोणीच नाही! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नाव नोंदवून प्रायमरीत मत द्यायचं

माझा कल इकडे आहे, ते आधीच सांगतो. एडिसन येतं काँग्रेसच्या सहाव्या मतदारसंघात. इथले डेमोक्रॅट फ्रँक पॅलोन १९८८ पासून काँग्रेसमध्ये आहेत. इथे नोव्हेंबरात निकाल काय लागणार याची कोणी पैज लावत नाही. अशा जागी तुम्ही कितीही मधले असा, खरा निर्णय जूनच्या प्रायमरीत आणि एकाच पक्षाच्या मतपत्रिकेवर होतो. देशभर हेच चित्र आहे: ४३५ पैकी अटीतटीच्या म्हणाव्यात अशा जागा चाळीसच्या आसपास. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून निवडून आले ते आठवा. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते, ठाणेदारांना २८ टक्के मतं पडली आणि तिथेच काम झालं. नोव्हेंबर हा नुसता सोपस्कार होता. चारात एकाहून थोडी जास्त मतं मिळाली की खासदारकी, हे गणित ज्याला समजलं त्याला प्रायमरीत एका मताचं वजन किती ते सांगावं लागत नाही.

न्यू जर्सीत तर हे वजन नुकतंच वाढलं आहे. २१ पैकी १९ काउंट्यांत प्रायमरीची मतपत्रिका अशी छापायचे की पक्षाच्या काउंटी अध्यक्षांनी पसंत केलेली सगळी नावं एका सरळ रकान्यात, आणि बाकीचे उमेदवार कडेला, कुठेतरी. त्याला इथे 'लाइन' म्हणतात. जिल्हाध्यक्षाने कपाळी टिळा लावलेला उमेदवार, असं समजा. सिनेटसाठी उतरलेले डेमोक्रॅट अँडी किम यांनी याविरुद्ध खटला भरला, मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली, आणि किम सिनेटर झाले. २०२५ ला राज्यपालपदाची प्रायमरी झाली तेव्हा लाइन नव्हती. डेमोक्रॅट्सकडून सहा जण उतरले. त्यांत मवाळ समजल्या जाणाऱ्या मिकी शेरिल सुमारे ३४ टक्क्यांवर जिंकल्या आणि नोव्हेंबरातही सहज निवडून आल्या. मधला माणूस प्रायमरीत जिंकूच शकत नाही, असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण सांगावं. फक्त त्याच्या मतदारांनी त्या दिवशी घराबाहेर पडायला हवं.

तोटेही आहेत. तुमचा पक्ष सार्वजनिक नोंदीत जातो. तुम्ही कोणाला मत दिलं ते गुप्त, पण कोणत्या पक्षाच्या यादीत आहात ते गुप्त नाही. काहींना हे खुपतं, आणि ते समजण्यासारखं आहे. शिवाय ज्या पक्षाच्या निम्म्या गोष्टी पटत नाहीत त्याच्या नावाचा शिक्का आपल्यावर का, हा प्रश्न उरतोच. मी त्याकडे सोसायटीच्या मीटिंगसारखं बघतो. सेक्रेटरी आवडत नाही म्हणून मीटिंगला न जाणारा माणूस नंतर पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करतो.

पक्षाविना नोंदणी

ब्रिजवॉटरच्या देवळाच्या परिसरात राहत असाल तर मात्र माझा सल्ला थोडा सैल होतो. सातवा मतदारसंघ २०१८ मध्ये डेमोक्रॅट टॉम मॅलिनोव्स्की यांनी घेतला, २०२२ मध्ये रिपब्लिकन टॉम केन ज्युनिअर यांनी. अशा जागी दोन्ही पक्ष नोव्हेंबरात तुमच्या दारी येतात, पत्रकांनी पोस्टाची पेटी भरते, आणि मधला मतदार खरोखर निकाल फिरवतो. मतपत्रिकेवर वर अध्यक्षपदाला एका पक्षाला आणि खाली दुसऱ्या पदाला दुसऱ्या पक्षाला मत देणंही इथे वाया जात नाही. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी अॅरिझोना, नेव्हाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन जिंकलं, पण चारही ठिकाणची सिनेटची जागा डेमोक्रॅट्सकडे गेली. पण अशी सरमिसळ आता दुर्मिळच. त्याच वर्षी अध्यक्षपदाला एका पक्षाला कौल आणि प्रतिनिधी दुसऱ्या पक्षाचा, असे मतदारसंघ ४३५ पैकी १६.

पक्क्या मतदारसंघात राहून पक्षाविना नोंदणी करायची आणि प्रायमरीच्या दिवशी घरी बसायचं, हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. दोन घरचा पाहुणा उपाशी.

तिसरा पक्ष

यावर फार वेळ घालवत नाही. १९९२ मध्ये अध्यक्षपदाला अपक्ष उभे राहिलेल्या रॉस पेरो यांना १८.९ टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यागणिक मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं, शून्य. २००० मध्ये अध्यक्षपदाचा फ्लोरिडातला निकाल ५३७ मतांनी लागला, आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. २०२४ साठी 'नो लेबल्स' या संघटनेने मधला उमेदवार शोधला, शोधला, आणि एप्रिलमध्ये कोणी मिळत नाही म्हणून गाशा गुंडाळला.

न्यू जर्सीतला प्रयोग जास्त हुशार होता. दोन्ही पक्षांतल्या काही लोकांनी मॉडरेट पार्टी काढली आणि २०२२ मध्ये स्वतःचा उमेदवार न देता मॅलिनोव्स्कींनाच उमेदवारी दिली. म्हणजे एकच माणूस दोन पक्षांच्या नावाखाली, मतांची बेरीज एकत्र. डेमोक्रॅट म्हणून मत द्यायला जीव धजत नसेल तर मॉडरेट म्हणून द्या. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये हे सर्रास चालतं. इथे शंभरेक वर्षांपूर्वीचा कायदा आडवा आला, आणि २०२५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानेही तो उचलून धरला.

नियमच बदलायचे

ज्यांना मतापेक्षा जास्त वेळ द्यायचा आहे त्यांच्यासाठी हा रस्ता आहे. अलास्कात सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी होते, पहिले चार नोव्हेंबरला जातात आणि मतदार पसंतीक्रम लिहितो. तिथल्या मवाळ रिपब्लिकन सिनेटर लिसा मुर्कोव्स्की २०१० मध्ये पक्षाची प्रायमरी हरल्या होत्या. तेव्हा लोकांनी मतपत्रिकेवर त्यांचं नाव हाताने लिहून त्यांना निवडून दिलं. २०२२ मध्ये नव्या पद्धतीत ही कसरत करावी लागली नाही. मात्र हे काही मवाळ उमेदवार काढून देणारं यंत्र नव्हे. न्यूयॉर्क शहरात २०२५ ची महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी पसंतीक्रमानेच झाली आणि जिंकले डाव्या बाजूचे झोहरान ममदानी. लोकांनाही हे फार हवंय असं दिसत नाही: २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा आणि ऑरेगन या चारही राज्यांत असे प्रस्ताव पडले.

तर फोनवर मी त्याला सांगितलं ते असं. न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियात असतास तर म्हटलं असतं, चौकट आत्ताच भर. तिथे पक्षाबाहेरच्याला पक्षाच्या प्रायमरीत प्रवेश नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते. टेक्सास, मिशिगनमध्ये ही चौकटच नसते. न्यू जर्सीत कोरी ठेवलीस तरी चालेल. जूनचा पहिला सोमवार उलटला की मंगळवारी केंद्रावर जायचं, टेबलापाशी पक्षाचं नाव सांगायचं, त्या पक्षाची मतपत्रिका मिळते. तेव्हापासून तू त्या पक्षाच्या यादीत. पुढे दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल तर ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो.

"पण जूनमध्ये आम्ही पुण्याला असतो," तो म्हणाला. मग पोस्टाने मतपत्रिका मागव, म्हटलं. कारण विचारत नाहीत. मात्र प्रायमरीची मतपत्रिका घरी हवी असेल तर पक्ष आधी लिहून द्यावाच लागतो. फोनवर थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चौकट भरायचीच आहे."