आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या तयारीच्या) यादीत प्रेशर वॉशर: तीन पावसाळ्यांनंतरचे मत

गुहागर तालुक्यातील आमच्या घराचे जोते, अंगणाभोवतीचा गडगा आणि विहिरीच्या पायऱ्या जांभ्याच्या चिऱ्याच्या असल्यामुळे दर पावसाळ्यानंतर त्यांवर शेवाळाचा काळपट थर उरतो, आणि नवरात्राआधी तो काढायला खराटा, ब्लीचिंग पावडर आणि दोन गड्यांचे दोन दिवस खर्ची पडत असत. ही कटकट टाळण्यासाठी चिपळूणहून १८०० वॅटचा, विजेवर चालणारा प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार सोडून धुणारे यंत्र, आणला, त्याला आता तीन पावसाळे झाले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक यंत्रांची घडण सारखीच असते आणि माझे म्हणणे त्या सर्वांना लागू पडेल.

काम उत्तम होते, हे आधीच सांगतो. पायऱ्यांना पूर्वी दुपार लागायची, ती आता तासाभरात होतात. खोक्यावर छापलेला १३५ बारचा आकडा मात्र कमाल दाबाचा असतो, प्रत्यक्ष कामाचा दाब त्याहून बराच कमी भरतो. तरीही मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब जेमतेम सव्वादोन बार असतो हे लक्षात घेतले, तर हातातील वस्तू काय आहे याची कल्पना येईल. पाणी मिनिटाला साडेसहा लिटरच्या आसपास लागते, म्हणजे ५०० लिटरची टाकी सव्वा तास पुरते. गच्चीवरील टाकीचे पाणी पाच मीटर खाली आले तरी त्याला अर्धा बारच दाब मिळतो, त्यामुळे पाइप अर्ध्या इंचाहून बारीक असला किंवा पाणी आत येते त्या तोंडाची जाळी तांबड्या मातीने भरली, की पंप पाण्यावाचून घरघरू लागतो. पहिल्या वर्षी मी याच आवाजाला यंत्राचा दोष समजून दुकानदाराशी वाद घातला होता. दोष जाळीतल्या चमचाभर गाळाचा निघाला.

पहिली चूकही माझीच होती. शून्य अंशाची, म्हणजे धार जराही न पसरवणारी, लाल नोझल (धार सुटते ते टोक) लावून मी जोत्याच्या चिऱ्यावर एक हात अंतरावरून धार धरली, आणि शेवाळाबरोबर चिऱ्याचाही भुगा उडून बोटभर रुंदीची खाच पडली, ती आजही पडवीत बसणाऱ्या प्रत्येकाला दिसते. जांभ्यासाठी चाळीस अंशांची पांढरी नोझल, दोन हात अंतर आणि तिरपी धार एवढे पुरते. चुन्याच्या गिलाव्यावर आणि कौलांवर हे यंत्र चालवूच नये. कौलांच्या सांध्यांतून पाणी वर चढून माळ्यावर उतरते, शिवाय शिडीवर उभे राहून गनचा खटका दाबला की मागे बसणारा धक्का तोल घालवू शकतो.

सर्वांत जास्त भीती मला एका साध्या सवयीची वाटते. काम संपले की चिखलाने माखलेले पाय त्याच धारेखाली धरण्याचा मोह आमच्याकडे प्रत्येकाला होतो, आणि मुलांना तर तो खेळच वाटतो. या दाबाची धार कातडी भेदून पाणी व घाण आतपर्यंत घुसवते. बाहेरून टाचणीएवढे छिद्र दिसते आणि दुखतही फारसे नाही, म्हणून माणूस हळद लावून गप्प बसतो, पण आतील इजा वाढत जाऊन बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास त्याच तासाला रुग्णालय गाठावे आणि उच्च दाबाच्या धारेने झालेली जखम आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चपलांऐवजी गमबूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण चिऱ्याचे कण उलटे उडतात.

विजेच्या बाबतीत आम्ही ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतले. एक्स्टेन्शनची तार बारीक असेल तर ती तापते आणि मोटरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. संध्याकाळी व्होल्टेज मुळातच उतरलेला असतो, म्हणून काम सकाळीच उरकावे.

आता ठेवण्याविषयी. माहितीपुस्तिकेत हिवाळ्यासाठी एक अख्खे पान आहे: थंड प्रदेशांत पंपात राहिलेले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि पंपाला तडा जातो, म्हणून तेथील लोक पंपात गोठणरोधक द्रव भरून ठेवतात. दापोलीच्या थंडीचे आम्हालाही कौतुक आहे, पण नळातले पाणी तेथेही गोठत नाही, त्यामुळे ते पान मी हसून उलटले आणि पहिल्या पावसाळ्यात यंत्र तसेच पडवीत राहू दिले. ऑक्टोबरमध्ये पाहिले तर जोडणीच्या पितळेवर हिरवा गंज चढला होता, रबरी रिंग फुगून अडकली होती आणि लान्सच्या (गनपुढच्या लांब नळीच्या) तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. जवळचे सेवा केंद्र म्हणजे आम्हाला दिवसभराचा प्रवास, आणि तेथे रिंगसाठी तीन आठवडे थांबावे लागले.

तेव्हापासून आगोटीच्या कामांत, लाकडे आत घेण्याच्या दिवशीच, याचाही क्रम लागतो. मचूळ पाणी वापरलेले असेल तर आधी गोडे पाणी खेळवायचे, मग नळ बंद करून पाणी आणणारा पाइप काढायचा आणि गनचा खटका दाबून धरून यंत्र पाच-दहा सेकंदच चालवायचे, म्हणजे पंपातील उरलेले पाणी निघून जाते. त्याहून जास्त वेळ कोरडे चालवल्यास आतील सील खराब होतात. त्यानंतर स्विच बंद करून प्लग काढायचा आणि खटका पुन्हा दाबून गनच्या पाइपमधला दाब सोडायचा. रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावायचे, लान्सच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधायची आणि यंत्र चुलीच्या खोलीतील फळीवर ठेवायचे, कारण पावसात घरातली तेवढीच जागा कोरडी असते. तारेचे वेटोळे मात्र मी वेगळे खुंटीला टांगतो. उंदरांनी एकदा ती कुरतडली आहे.

स्वतःची विहीर आणि चिऱ्याचे मोठे अंगण असलेल्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. फक्त मोटारसायकल धुवायची असेल तर बादली आणि फडके पुरेसे आहे. सोबत मिळणारा पाच मीटरचा पाइप मात्र आमच्या विहिरीच्या शेवटच्या तीन पायऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि तेवढ्या तीन आम्ही अजूनही खराट्यानेच घासतो.