फायनल फँटसी १२, द झोडिॲक एज: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्या एल-वन बटणाबद्दल

मागच्या महिन्यात गेम खेळायच्या कंट्रोलरचं एल-वन बटण (डावीकडचं वरचं) गेलं. कधी लागायचं, कधी नाही, कधी एकदा दाबलं की दोनदा लागायचं. वॉरंटी शिल्लक होती म्हणून सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "वापराने झिजलंय सर, हे वॉरंटीत बसत नाही." बटण वापरायचं नाही तर काय करायचं? बरं, दुरुस्तीचा आकडा असा सांगितला की त्यात थोडी भर घातली तर नवा कंट्रोलर येतो. लेखी कारण मागितलं, तेही दिलं नाही. शेवटी बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने आतला स्विच बदलून दिला, त्या आकड्याच्या पाव पैशांत.

बटण झिजलं ते या गेममुळे. गेमची लांबलचक ओळख करून देत बसत नाही: आपली टोळी घेऊन राक्षसांशी लढत गोष्ट पुढे न्यायची असा हा रोल-प्लेइंग गेम, २००६ च्या प्लेस्टेशन २ वरच्या मूळ गेमचं २०१७ चं रीमास्टर, म्हणजे सुधारून काढलेली आवृत्ती. मी पीसीवर खेळतो, सेलमध्ये घेतला. यात एल-वन दाबलं की सगळं दुप्पट किंवा चौपट वेगाने चालतं: चालणं, मारामारी, सगळं. माझ्यासाठी हाच या गेमचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि इतके महिने खेळूनही ते मत बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की वेग कुठे लावायचा.

ग्राइंडिंगवरून, म्हणजे आपल्या पात्रांची ताकद (लेव्हल) वाढवायला पुन्हा पुन्हा लढत बसण्यावरून, आमच्यात दोन तट आहेत. मामेभाऊ म्हणतो, "दादा, दिवसभर नोकरी करून येतोस आणि परत हमालीच कशाला?" त्याला गोष्ट हवी असते, लेव्हलसाठी तेच तेच राक्षस मारणं म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी वेळ भरून काढणं, असं त्याचं ठाम मत. उलट ज्या मित्राने हा गेम प्लेस्टेशन २ वर संपवला, त्याला चौपट वेग ही सरळ फसवणूक वाटते. त्याच्या मते तेवढा वेळ दिल्याशिवाय त्या लेव्हलला किंमत नाही.

मला दोघांचं पटत नाही. १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टपासून लेव्हल वाढवणं ही सोय राहिली आहे. हात चपळ नसला तरी चिकाटीने पुढे जाता येतं, आणि माझ्यासारख्याला ते हवं आहे. पण त्या चिकाटीची किंमत रोज रात्रीचे दोन तास असेल तर मला परवडत नाही.

या गेममध्ये ग्राइंडिंगला अर्थ येतो तो गँबिटमुळे. कोणाचं एचपी (शिल्लक जीव) किती खाली गेलं की कोणी काय करायचं, हे नियम म्हणजे गँबिट. ते आपण आधी लावून ठेवायचे आणि पार्टी, म्हणजे आपली टोळी, आपोआप लढते. ते नियम बरोबर आहेत का, हे लुसूच्या खाणीतल्या पुलावर कळतं. पुढे सरकावं तसे हाडांचे सापळे, म्हणजे तिथले राक्षस, उठत राहतात. ओळीने फक्त सापळेच मारले तर साखळी वाढते आणि हाती लागणारा माल सुधारतो, मधे एखादं वटवाघूळ मारलं गेलं की साखळी तुटते. माझ्या पार्टीत 'मित्राचं एचपी ७० टक्क्यांखाली, तर क्युअर (जखम भरणारी जादू)' असा नियम होता. पुलाचं दुसरं टोक येईपर्यंत एमपी, म्हणजे जादूसाठी लागणारी शक्ती, संपायचं. तो ५० टक्क्यांवर आणला आणि क्युअर फक्त एकालाच ठेवला, तेव्हा पूल ओलांडूनही एमपी उरायला लागलं. दोन विभाग लांब जाऊन परत आलं की सापळे पुन्हा हजर. हे चौपट वेगात चहा संपेपर्यंत होतं. मूळ वेगात यालाच अख्खी संध्याकाळ लागली असती.

बटण बिघडल्यावर वेगाचं काम दुसऱ्या बटणावर लावता आलं असतं. मुद्दाम नाही लावलं, म्हटलं काही दिवस मूळ वेगात खेळून बघू. आणि तिथे मत थोडं हललं. गेममधल्या पश्चिमेच्या वाळवंटात वादळ उठलं की एलिमेंटल नावाचे जबरदस्त राक्षस तरंगताना दिसतात. ते आपण होऊन अंगावर येत नाहीत, जवळपास जादू झाली की चवताळतात. चौपट वेगात माझ्या पार्टीतल्या कोणीतरी गँबिटप्रमाणे क्युअर टाकायचं आणि वेग कमी करायच्या आत तिघेही आडवे. मूळ वेगात एलिमेंटल लांबून दिसला. जादूचे गँबिट बंद केले, कडेकडेने गेलो, पुढे गेल्यावर पुन्हा चालू केले. अख्ख्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त मजा त्या दोन मिनिटांत आली, आणि त्यात एक पॉइंटही एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळाला नाही. तेव्हापासून नवीन प्रदेश नेहमी मूळ वेगात आणि ओळखीची जागा चौपट वेगात, असं ठरवून टाकलंय.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. पार्टीत सहा जण, पण एक्सपी फक्त मैदानातल्यांना. लायसन्स पॉइंट (नवी शस्त्रं, जादू वापरायची परवानगी घ्यायचे गुण) राखीव खेळाडूंनाही मिळतात, मग एक्सपीचंच काय वाकडं? सहाही जण वापरायचे तर तेच राक्षस दोन-दोनदा मारावे लागतात. मामेभावाचा 'हमाली' शब्द इथे शंभर टक्के लागू पडतो. रीमास्टर करताना नोकऱ्यांची (म्हणजे कोणत्या पात्राला कोणती शस्त्रं, कोणती जादू हे ठरवणाऱ्या 'जॉब'ची) रचना बदलली, एकेकाला दोन नोकऱ्या दिल्या, २०२० मध्ये पीसीवर नोकरी बदलायची सोयही अपडेटने आली. एवढं सगळं झालं आणि हे तसंच ठेवलं, याचा खरंच राग येतो.

गंमत अशी की ग्राइंडिंगवरची दोन्ही मतं या गेममध्ये अंगावर चढवता येतात. एम्ब्रॉयडर्ड टिपेट नावाची वस्तू पात्राला घातली की एक्सपी दुप्पट, फायरफ्लाय नावाची घातली की शून्य. मी सध्या पुढच्या तिघांना फायरफ्लाय घालून ठेवतो, कारण ते पुलावर इतके वाढले की पुढचे बॉस, म्हणजे टप्प्याटप्प्यावरचे मोठे शत्रू, नियम न बदलताच पडायला लागले. कमी लेव्हलवर अख्खा गेम संपवणारे लोक आहेत. तेवढी हौस मला नाही, पण बॉसने एकदा तरी हरवावं असं वाटतंच.

पैशाचंही बोलायला हवं. असॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८) या दुसऱ्या गेममध्ये एक्सपी कायमचा वाढवणारा बूस्ट खऱ्या पैशांत विकला, टेल्स ऑफ अराइज (२०२१) मध्ये लेव्हलच विकायला ठेवल्या. आधी रस्ता लांब करायचा आणि मग जवळच्या वाटेचे पैसे मागायचे, हे मला अजिबात मान्य नाही. इथे चौपट वेग गेमच्या किमतीतच येतो. याच मालिकेच्या पहिल्या सहा गेमच्या 'पिक्सेल रीमास्टर' नावाच्या नव्या आवृत्त्या २०२३ मध्ये कन्सोलवर आल्या, त्यात एक्सपी चौपट करता येतो आणि तोही फुकट. तरी मला वेगच बरा वाटतो. वेगात लढाई होते तरी, गँबिट चुकला तर मार खावा लागतो. चौपट एक्सपीत निम्म्या लढाया नुसत्या गळून जातात.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी सेलची वाट बघा, तो वरचेवर लागतो. वेग सुरुवातीला दुप्पटच ठेवा. आणि याझमत नावाच्या अवाढव्य बॉसपर्यंत पोचलात तर तिथे चौपट लावायला अजिबात संकोच करू नका, त्याचं एचपी पाच कोटींच्या वर आहे.